कॉमिक्समधला खरोखर कुचकामी शक्तीचा नायक कोणता?

चित्रखोका
अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये ‘ही कसली शक्ती?’ असं वाटायला लावणारे नायक ढिगाने आहेत. त्यांच्या याद्या सगळीकडे फिरतात, पण बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि माशांशी बोलणाऱ्या ॲक्वामॅनला उगाच पहिल्या पाचात बसवतात. ते मला मान्य नाही. इथे नीट वाद घालून ठरवूया.

अटी अशा: नायक हवा, खलनायक नको. म्हणजे काइट मॅन, पोल्का-डॉट मॅन, स्टिल्ट-मॅन बाद. शक्ती अंगभूत हवी, यंत्राची नको. आणि शक्ती कुचकामी तेव्हाच म्हणायची, जेव्हा लढाई, बचावकार्य आणि तपास या तिन्हींत तिचा काहीच उपयोग होत नाही.

माझं मत स्टोन बॉयला. डीसीच्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या ३०६व्या अंकात (१९६३) लीजन ऑफ सुपर-हीरोज या तिसाव्या शतकातल्या तरुण नायकांच्या संघाच्या निवड चाचणीत नापास झालेली पाच मुलं एकत्र येतात आणि स्वतःचा पर्यायी संघ काढतात: पोलर बॉय, नाइट गर्ल, फायर लॅड, क्लोरोफिल किड आणि स्टोन बॉय. बाकीच्या चौघांना काहीतरी करता येतं. हा दगड होतो, आणि दगड झाल्यावर त्याला हलता येत नाही.

तिसावं_शतक
या पाच जणांना एका मापाने मोजू नका, प्रत्येकाच्या नापास होण्याचं कारण वेगळं आहे. पोलर बॉयची थंडी भरपूर जोरदार, पण आवरत नव्हती. चाचणीतच परीक्षकांना हुडहुडी भरली. फायर लॅडच्या आगीचीही तीच गत. नाइट गर्लकडे प्रचंड बळ आहे, पण सूर्यप्रकाशात ते नाहीसं होतं. म्हणजे तिघांची शक्ती दमदार, अडचण ताब्याची किंवा वेळेची. खरी लंगडी शक्ती उरते ती क्लोरोफिल किड (झाडं भराभर वाढवणारा) आणि स्टोन बॉय यांची.

आणि ताबा शिकता येतो. पोलर बॉय पुढे लीजनमध्ये गेला आणि तिचा प्रमुखही झाला. त्यामुळे ‘ताबा नाही’ या कारणावरून कुणालाही कायमचं कुचकामी ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

मुंगूस_मामा
अवांतर: नापास उमेदवाराला लीजन सांत्वन म्हणून गुरुत्वविरोधी पट्टा देत असे, घालून उडता येईल असा. नापास होऊन उडायला मिळत असेल तर चाचणीला रांग लागणारच.

घनफळ
स्टोन बॉयचं जरा गणित करूया. माणसाची घनता साधारण पाण्याएवढी, ग्रॅनाइटची पाण्याच्या २.७ पट. आकार तोच राहिला तर ५५ किलोचा मुलगा १५० किलोच्या आसपास जातो. जादाचे ९५ किलो कुठून येतात हे कॉमिक सांगत नाही, आपणही सोडून देऊ.

आता उपयोग. छातीची जाडी २० सेंटिमीटर धरली, तर तेवढा ग्रॅनाइट पिस्तुलाची गोळी आरामात अडवतो. म्हणजे अरुंद दारात उभं राहून दगड व्हायचं, मागची माणसं वाचतात. अडचण दुसरीच आहे. गोळीने दगडाचा टवका उडाला, तर पुन्हा माणूस झाल्यावर तिथे जखम असते का? असेल, तर प्रत्येक वापर जिवावरचा. शिवाय उडत येऊन नेम धरून शत्रूवर पडायचं म्हटलं, तर दगड नेमका कधी व्हायचं याचं गणित चुकता कामा नये. फार लवकर झालात तर दिशा बदलता येत नाही, उशिरा झालात तर हाडं मोडतात.

शेवग्याची_शेंग
दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायाने माझं मत आर्म-फॉल-ऑफ-बॉयला. १९८९च्या ‘सीक्रेट ओरिजिन्स’ ४६मधला. तोही लीजनच्या चाचणीला आलेला. स्वतःचा हात खांद्यातून उपसून काढतो आणि सोट्यासारखा वापरतो.

घनफळ
त्याचा फायदा-तोटा काढला तर व्यवहार साफ तोट्याचा आहे. हातात हात धरला की पल्ला साधारण ६० सेंटिमीटर वाढतो. पण कामाचा एक हात गेला, तोल गेला, आणि हातात आलेलं हत्यार कोपरात वाकतं. वाकणाऱ्या सोट्याचा मार अर्धा वाया जातो. त्यापेक्षा कोपऱ्यातला दांडका उचलावा. काढलेला हात लांबूनही बोटं हलवू शकत असता, तर गोष्ट वेगळी होती: खिडकीतून आत टाकायचा, आतून कडी काढायची.

चित्रखोका
बरोबर. पण हे पात्र मुळात गमतीसाठीच काढलेलं. त्याच्याशी झगडणारी गंभीर गोष्ट कुणी लिहिलेली नाही, म्हणून मी त्याला जरा बाजूला ठेवतो.

मोहोळ
१९४० सालचा रेड बी कुणीच कसा काढला नाही? क्वालिटी कॉमिक्सच्या ‘हिट कॉमिक्स’चा पहिलाच अंक. शिकवलेल्या मधमाश्या सोडून गुंडांना पकडणारा. त्याची लाडकी माशी त्याच्या पट्ट्याच्या बकलमध्ये राहते, नाव मायकेल.

इथेच गोष्ट फसते. मधमाश्यांमध्ये नांगी फक्त मादीला असते, कामकरी माशीला आणि राणीला. नराला नांगीच नसते, त्यामुळे नावावरून जायचं तर मायकेल कुणाला चावूच शकत नाही. तो कामकरी माशी मानला, तरी तिच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात. माणसाच्या कातडीत ती अडकते आणि माशी उडाली की पोटातल्या भागासकट उपटून निघते, माशी मरते. म्हणजे एक माशी, एक डंख. वर पाऊस, थंडी किंवा अंधार असेल तर मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. गुन्हे होतात रात्री.

चित्रखोका
मधमाश्यांची माहिती फार आवडली! पण रेड बी अटीत बसत नाही. ते प्रशिक्षण आहे, शक्ती नाही.

मुंगूस_मामा
प्राण्यांवरून आठवलं, मार्व्हलचा १९४१चा व्हिझर. नागाचं विष उतरवायला त्याला मुंगसाचं रक्त देतात आणि त्यातून त्याला प्रचंड वेग मिळतो. शक्ती एकदम झकास, उगम मात्र वैद्यकशास्त्राला घाम फोडणारा.

खारूताई_पंखा
प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर स्क्विरल गर्ल. याद्यांमध्ये तिचं नाव ‘हास्यास्पद’ म्हणून येतं, त्यावर माझा सक्त आक्षेप आहे. विल मरे आणि स्टीव्ह डिटको यांनी काढलेल्या पहिल्याच कथेत ती डॉक्टर डूम या चिलखती खलनायकाला हरवते, खारींची झुंड त्याच्या चिलखतावर सोडून.

हे पटण्यासारखं आहे. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. केबलचं आवरण तिला फार आवडतं. १९८७ साली एका खारीने वीजपुरवठ्यात बिघाड केला आणि अमेरिकेतल्या नॅस्डॅक शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे दीड तास बंद पडले. १९९४ साली पुन्हा तसंच झालं. डूमचं चिलखत म्हणजे तारा, सांधे आणि हवेच्या जाळ्या. सांध्यातून आत शिरेल एवढा लहान, तार तोडेल एवढ्या दातांचा आणि शंभरांनी येणारा शत्रू आला, तर हातातून सुटणारे किरण काय कामाचे? एक खार मारेपर्यंत बाकीच्या आत गेलेल्या असतात.

शेवग्याची_शेंग
आपल्याकडे जन्मली असती तर भीमाशंकरचे शेकरू घेऊन आली असती. एकेक मीटरभर लांब, शेपटी धरून. डूम दारातूनच परत.

सागरगोटा
आता ॲक्वामॅन. ‘माशांशी बोलतो’ ही थट्टा १९७३च्या ‘सुपर फ्रेंड्स’ कार्टूनपासून घट्ट झाली, कारण तिथे त्याला वाट्याला येणारी कामंच फुटकळ असत. प्रत्यक्षात पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. १००० मीटरवर तो १०० पट, म्हणजे कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० किलो. ते सहज सोसणारं शरीर जमिनीवर गोळीलाही दाद देणार नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्र आहे, हे वेगळंच.

घनफळ
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. सगळीकडून सारखा पडणारा दाब आणि एका टोकावर बसणारी गोळी या वेगळ्या गोष्टी आहेत. खोल समुद्रातले कित्येक प्राणी जेलीसारखे मऊ असतात, तरी चिरडत नाहीत, कारण शरीरात पाणी असतं आणि पाणी फारसं दबत नाही. चिरडतं ते हवेने भरलेलं: फुप्फुसं, कानाची पोकळी, नाकाजवळच्या पोकळ्या. ॲक्वामॅन पाण्यातच श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या फुप्फुसांत हवाच नाही. दाब सोसायला त्याला पोलादी कातडी लागत नाही. गोळी न लागण्याचं कारण लेखकांना दुसरीकडे शोधावं लागेल.

उलट एक फायदा कुणी मोजत नाही. पाणबुड्या झटकन वर आला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि तो लुळा पडतो किंवा मरतो. दाबाखालची हवा घेतलीच नाही तर ते संकट नाही. तो हजार मीटरवरून सरळ वर येऊ शकतो. बचावकार्यात एवढं एक पुरे.

सागरगोटा
हे मान्य. कातडीचा मुद्दा मागे घेतो, पण शक्ती कुचकामी नाही हे आणखी पक्कं झालं. २०११च्या मालिकेच्या पहिल्याच अंकात ॲक्वामॅन मासळीच्या खानावळीत जेवायला बसतो आणि लोक त्याच्या तोंडावर या थट्टा करतात. लेखक जेफ जॉन्सने वाचकांच्या डोक्यातलं सगळं तिथेच काढून टाकलं.

जुनी_रद्दी
राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव आठवा. अनुपम सिन्हांचा, १९८७पासूनचा. ज्युपिटर सर्कशीत वाढलेला, पशुपक्ष्यांशी बोलणारा, आणि त्याच्याकडे सुपरशक्ती नाही असंच कायम सांगितलं जातं. त्याला कुणी हसत नाही, कारण पक्षी त्याच्या बाजूने लढण्याआधी टेहळणी करतात. माहिती काढणं हाच प्राण्यांशी बोलण्याचा मोठा उपयोग, मारामारी नंतर.

तिसावं_शतक
लीजनच्याच मॅटर-ईटर लॅडवर अन्याय होऊ नये म्हणून लिहितो. १९६२चा, जेरी सीगल आणि जॉन फोर्ट यांचा. त्याच्या बिस्मॉल ग्रहावरचं सगळं अन्न सूक्ष्मजीवांनी विषारी केलं, म्हणून तिथले लोक काहीही खाऊन पचवू लागले. त्याला तुरुंगात टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, पुरावा सांभाळून ठेवता येत नाही. मनात येईल ते खरं करणारं ‘मिरॅकल मशीन’ कुणालाच नष्ट करता येत नव्हतं, ते याने खाऊन टाकलं. त्यापायी त्याचं डोकं फिरलं, म्हणजे शक्तीची किंमतही मोजली. मध्ये त्याला ग्रहावर राजकारणात ओढून नेलं, तो भागही छान आहे.

खारूताई_पंखा
राजकारणात काहीही खाऊन पचवणारा! निवड योग्य.

ध्वनिलहर
डॅझलरही या याद्यांत असते: आवाजाचा प्रकाश करणारी. लोक म्हणतात डिस्कोची शक्ती. हिशोब बघा. १२० डेसिबल, म्हणजे कान दुखवणारा आवाज, दर चौरस मीटरला फक्त एक वॉट ऊर्जा देतो. अंगाचा समोरचा भाग पाऊण चौरस मीटर धरला तर तिला मिळणार पाऊण वॉट, एलईडीच्या झीरो बल्बाइतका उजेड. इथपर्यंत टीकाकार बरोबर.

पण ती आवाज साठवते. तासाभराच्या मैफिलीत पाऊण वॉटने २७०० ज्यूल जमतात. ते एक सहस्रांश सेकंदात सोडले तर त्या क्षणापुरते २७ लाख वॉट. कॅमेऱ्याचा साधा फ्लॅश काही दशक ज्यूलचा असतो, यावरून अंदाज करा. समोरचा आंधळा होईल. चुकतं ते दोन ठिकाणी: शांत जागेत लढाई सुरू झाली तर टाकी रिकामी, आणि हळूहळू सोडलं तर परिणाम नाही. म्हणून लेखकाने तिच्याजवळ आवाजाचा स्रोत ठेवायलाच हवा. क्लॉ हा ध्वनीचाच बनलेला खलनायक तिने अख्खा शोषला, ती गोष्ट यामुळेच जमते.

पेन्सिलवाली
ध्वनिलहर यांच्या प्रतिसादातच उत्तर आहे. कॉमिक लिहिताना शक्ती कागदावर तपासायची एक रीत आहे, ती लिहिते. शक्तीसमोर पाच गोष्टी लिहायच्या: ती सुरू कशाने होते, किती अंतरावर चालते, किती वेळ टिकते, वापरणाऱ्याला काय खर्च येतो आणि कशावर चालत नाही. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि गोष्ट तिथेच फुटते.

उदाहरण बघा. ‘हातभर अंतरावरच्या वस्तूचं तापमान ५ अंशांनी वाढवणारा’ असा नायक काढला. ऐकायला भिकार. एक लिटर पाण्याला ५ अंश वाढवायला २१ किलोज्यूल लागतात, चहासुद्धा होत नाही. आता ‘कशावर चालत नाही’ हा रकाना कोरा ठेवा. माणसाचं शरीर ३७ अंशांवर असतं. त्यात ५ मिळवले की ४२, म्हणजे उष्माघात. भिकार शक्तीचा हा नायक हात लावून कुणालाही मारू शकतो. म्हणून ‘सजीवांवर चालत नाही’ असं एक कुंपण घालावं लागतं, आणि ते पहिल्या चार पानांत वाचकाला दिसावं लागतं. शेवटच्या पानावर सांगितलं तर वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

घनफळ
+१. कलर किडच्या बाबतीत हेच. वस्तूंचे रंग बदलणं एवढीच शक्ती. १९६६ साली पृथ्वीभोवती हिरव्या क्रिप्टोनाइटचा (सुपरमॅनच्या जातकुळीला मारक खनिजाचा) ढग जमतो, सुपरबॉय आणि सुपरगर्लला परतता येत नाही. कलर किड ढग निळा करतो, निळं क्रिप्टोनाइट त्यांना अपाय करत नाही, प्रश्न सुटला. माझी तक्रार अशी की रंग हा प्रकाशाचा परिणाम. गळूला रंग दिला म्हणून ते बरं होत नाही.

तिसावं_शतक
डीसीच्या विश्वात क्रिप्टोनाइटचा गुण रंगावरून ठरतो: हिरवं मारक, लाल विचित्र बदल घडवणारं, सोनेरी शक्ती कायमची काढून घेणारं. हा नियम वाचकाला आधीपासून ठाऊक होता. त्यामुळे उत्तर त्या जगाच्या नियमातून येतं. मला ते पूर्ण प्रामाणिक वाटतं.

पेन्सिलवाली
मलाही. नियम आधी सांगितला होता, एवढं पुरे.

भाषापाखरू
मग सायफरचं नाव इथे घेतोच. ‘न्यू म्यूटंट्स’ १३, १९८४. कुठलीही भाषा, लिपी, संगणकाची आज्ञावली त्याला आपोआप कळते. लढाईत उपयोग नाही म्हणून त्याला मागे ठेवत आणि ६०व्या अंकात तो वुल्फ्सबेन या सोबतिणीवर झाडलेली गोळी स्वतः खाऊन मरतो. नंतर जिवंत झाल्यावर नव्या लेखकांनी एकच प्रश्न विचारला: भाषा म्हणजे काय? समोरच्याच्या अंगाच्या हालचालीही तो वाचू लागला, ठोसा सुटण्याआधीच तो कुठे येणार हे त्याला कळतं. शक्ती बदलली नाही, तिचं क्षेत्र नीट आखलं. २०१९नंतर क्राकोआ या जिवंत बेटाशी बोलू शकणारा तोच एक, म्हणून म्यूटंटांचं, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्यांचं, अख्खं राष्ट्र त्याच्यावर उभं.

अंडाकरी
क्राकोआ म्हटलं की गोल्डबॉल्स! या धाग्याचा राजा. फाबिओ मेदिना, २०१३. अंगातून सोनेरी गोळे निघतात, ‘पॉइंक’ आवाज येतो, गोळे घरंगळतात. कित्येक वर्षं एवढंच.

२०१९च्या ‘हाउस ऑफ एक्स’ ५मध्ये लेखक हिकमन आणि चित्रकार लाराझ दाखवतात की ते गोळे म्हणजे अंडी आहेत, फक्त निर्जीव. मग पाच जणांची साखळी अशी. फाबिओ अंडी देतो. प्रोटियस वास्तव वाकवून ती सजीव होण्याजोगी करतो. त्यात मृत म्यूटंटचा डीएनए घालतात आणि इलिक्सर पेशींची वाढ सुरू करून देतो. टेंपस आतला काळ पळवून शरीर हव्या त्या वयापर्यंत आणते. होप समर्स या सगळ्यांची शक्ती वाढवून त्यांचा मेळ राखते. शरीर तयार झालं की म्यूटंटांचा नेता झेव्हियर सेरेब्रो या यंत्रात साठवलेलं मन त्यात उतरवतो. जेनोशा या बेटावर १ कोटी ६० लाख म्यूटंट मारले गेले होते, त्यांना परत आणण्याची वाट यातून निघते.

बिघाड कुठे होतो तेही बघा. पाचांतला एक गेला तर साखळी थांबते. प्रोटियसचं स्वतःचं शरीर टिकत नाही, त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा शरीरं बनवावी लागतात. आणि माणूस खरंच मेला आहे याची खात्री नसताना नवा बनवला, तर एकाचे दोन होतात. म्हणूनच २०२०च्या ‘एक्स-फॅक्टर’मध्ये मृत्यूची चौकशी करणारं पथक नेमलं आहे.

चित्रखोका
वा! मग गोल्डबॉल्स, सायफर, ॲक्वामॅन, स्क्विरल गर्ल, डॅझलर, मॅटर-ईटर लॅड सगळे यादीतून बाहेर. उरले कोण?

शेवग्याची_शेंग
बेली हॉस्किन्स. २०१६, मॅक्स बेमिसची पाच अंकांची मालिका. शक्ती: स्वतःचा स्फोट करणे. एकदाच. स्फोटातून तो वाचत नाही.

अंडाकरी
तो या अंड्यांच्या साखळीच्या जगात धरला तर बेली अजिबात कुचकामी नाही. स्फोट, पुनर्जन्म, पुन्हा स्फोट. फक्त मनाची नोंद आठवड्याला एकदा होत असल्यामुळे शेवटचे काही दिवस त्याला आठवणार नाहीत. स्फोट तर कधीच आठवणार नाही, हे बरंच.

चित्रखोका
म्हणजे पुन्हा स्टोन बॉयच. मत कायम.

तिसावं_शतक
थांबा. त्याची शक्ती आली कुठून ते बघा. त्याच्या ग्रहावर सहा महिन्यांची रात्र असते आणि तिथले लोक ती दगड होऊन झोपून काढतात. म्हणजे सहा महिने अन्न, पाणी, हवा काहीही नको. विषारी वायू सुटला, यान भरकटलं, खाण कोसळली, अशा वेळी पाचही जणांत तो एकटा टिकेल. बचावकार्याच्या तुमच्या अटीत हे बसतं.

घनफळ
आणि दगड असताना त्याला दिसतं-ऐकू येतं असं लेखकाने ठरवलं, तर तपासाची अटही पुरी होते. शत्रूच्या चौकात पुतळा म्हणून उभा करायचा, सहा महिने सगळं ऐकू द्यायचं.

चित्रखोका
फक्त घेऊन जायला आणि परत आणायला १५० किलो उचलणारं कुणीतरी लागेल.

तिसावं_शतक
नाइट गर्ल आहे की. रात्री न्यायचा, रात्रीच आणायचा.